पंचवीसपैकी किती?

२०२१ च्या उन्हाळ्यात आपल्याकडे ज्याच्या-त्याच्या तोंडी एकच प्रश्न होता, "स्कोअर किती आला?" आयुष्यभर पेपर तपासलेल्या माझ्यासारख्या मास्तरालाही हे गुण नवे होते. जितके कमी तितके बरे! फुफ्फुसाचे उजवीकडे तीन खंड, डावीकडे दोन. प्रत्येकाला शून्य ते पाच, एकूण पंचवीस. पण हा पेपर नेमका कशाचा?

त्यासाठी फेब्रुवारी २०२० मध्ये चीनच्या हुबेई प्रांतात जावे लागते. वुहानची रुग्णालये ओसंडत होती. पीसीआर तपासण्या अपुऱ्या, शिवाय आजार असूनही काहींचा अहवाल निगेटिव्ह येई. सीटी स्कॅन मात्र काही मिनिटांत होई. त्यात हवेने भरलेले निरोगी फुफ्फुस काळे दिसते. या रुग्णांत दोन्ही बाजूंना, कडेकडेने, दुधी काचेसारखा धूसर करडेपणा दिसू लागला. डॉक्टर त्याला 'ग्राउंड ग्लास' म्हणतात.

मग हुबेईत लक्षणे आणि स्कॅन यांवरूनच रुग्ण मोजायचे ठरले. १२ फेब्रुवारीच्या एका दिवसाच्या आकड्यात १४,८४० नवे रुग्ण आले. त्यांतले १३,३३२ या नव्या पद्धतीने मोजलेले. जग हादरले. साथ एका रात्रीत एवढी वाढली नव्हती, मोजपट्टी बदलली होती. आठवडाभरात ती मागेही घेतली गेली. तरी तिला निव्वळ चूक म्हणवत नाही. अहवालाची वाट पाहत ताटकळलेल्यांना तिच्यामुळे लवकर उपचार मिळावेत, हाच हेतू होता.

पण त्या करड्या सावलीवर आजाराचे नाव लिहिलेले नसते. फ्लूमध्ये ती दिसते, इतर विषाणूंमुळे दिसते, हृदय थकून फुफ्फुसात पाणी साचले तरी दिसते. वुहानच्याच १,०१४ रुग्णांच्या अभ्यासात पीसीआर पॉझिटिव्ह असलेल्या ९७ टक्के लोकांच्या स्कॅनमध्ये खुणा सापडल्या; पण निगेटिव्ह असलेल्यांपैकीही चारांतल्या तिघांत सापडल्या! उलट, आजाराच्या पहिल्या एक-दोन दिवसांत स्कॅन स्वच्छही येतो. म्हणूनच मार्च २०२० मध्ये अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संस्थेने सांगितले, की निदानाची पहिली तपासणी म्हणून सीटी वापरू नये.

आपला पंचवीसचा स्कोअर सांगे तो फुफ्फुस किती व्यापले एवढेच. कशाने, ते नाही. मे २०२१ मध्ये एम्सचे तेव्हाचे संचालक डॉ. रणदीप गुलेरिया यांनी सौम्य आजारात सीटीच्या मागे लागू नका, असे बजावले. तोवर कितीतरी घरांनी त्या आकड्यावर रात्री जागून काढल्या होत्या.

गुण देणाऱ्याने प्रश्नपत्रिका आधी वाचावी, एवढेच म्हणतो. असो.