शायलॉकची बाजू



नाटकाला जाऊन नायकाऐवजी खलनायकाच्या बाजूने टाळी देणाऱ्याला आपल्याकडे वाह्यात समजतात. आज मी त्याच्या वतीने बोलणार आहे, आणि वकीलपत्र मुद्दाम अवघड घेतले आहे : ‘मर्चंट ऑफ व्हेनिस’मधल्या शायलॉकचे. अवघड अशासाठी की, हा गृहस्थ सावकार. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यात सुपे येथे शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखते काढून जाळली. पुढे गिरणी कामगारांच्या नशिबी पगाराच्या दिवशी दरवाजावर काठी घेऊन उभा असलेला पठाण आला. अशा लोकांच्या वारसांनी व्याजबट्ट्यावर जगणाऱ्यासाठी हळहळावे कशाला?

शेक्सपिअरने हे नाटक १५९६-९७ च्या सुमारास लिहिले. ज्यू लोकांना इंग्लंडातून १२९० सालीच हद्दपार केलेले होते, तेव्हा समोरच्या प्रेक्षकांनी उघडपणे वावरणारा ज्यू क्वचितच पाहिला असेल. कथानक आपणांस ठाऊकच आहे. अँटोनियो तीन महिन्यांच्या बोलीने तीन हजार डुकाट घेतो. न फेडल्यास अंगाचे एक पौंड मांस द्यावयाचे. याच अँटोनियोने भर बाजारात शायलॉकला कुत्रा म्हटलेले, त्याच्यावर थुंकलेले. मागाहून शायलॉकची मुलगी घरातले जडजवाहीर घेऊन एका ख्रिस्ती तरुणाबरोबर पळून जाते. सुरीला धार लागते ती त्यानंतर.

कोर्टात त्याला दया करावयास सांगतात. तो विचारतो, तुमच्या घरी विकत घेतलेले गुलाम आहेत. त्यांना जनावरासारखे राबवता. त्यांना मोकळे करा, असे मी म्हटले तर तुम्ही म्हणाल, ते आमचे, आम्ही दाम मोजला आहे. मग हे मांसही मी दाम मोजूनच घेतले आहे! गंमत अशी की, या प्रश्नाला त्या कोर्टात कोणीच उत्तर देत नाही. ड्यूक पादुआहून बोलावलेल्या कायदेपंडिताचा विषय काढतो. वाटाघाटींना बसलेल्या मंडळींना ही तऱ्हा ओळखीची आहे. मुद्द्याला उत्तर नसले की साहेब घड्याळाकडे पाहू लागतात.

मांस कापण्याचा हक्क शायलॉकला होता, असे मी म्हणत नाही. माणसाचा देह गहाण पडत नाही, ही गोष्ट आम्हां संघटनेवाल्यांना कोणी शिकवावयास नको. पण हेच तत्त्व व्हेनिसच्या गुलामांनाही लावा ना! ते न लावता त्याची मालमत्ता काढून घेतात, वर धर्मही सोडावयास लावतात, आणि पुढचा अंक चांदण्यातल्या थट्टामस्करीत जातो.

अठराव्या शतकाच्या आरंभी लंडनच्या रंगभूमीवर शायलॉक विदूषकी ढंगाने रंगवला जाई. १७४१ साली चार्ल्स मॅक्लिनने तो गंभीर आणि भीतिदायक केला. २६ जानेवारी १८१४ रोजी ड्ररी लेन थिएटरात एडमंड कीन हा नवखा नट रूढ तांबडा टोप टाकून काळा टोप घालून आला, आणि प्रेक्षकांना तेथे छळलेला माणूस दिसला. १८७९ मध्ये हेन्री आयर्व्हिंगने तर संहितेत नसलेला प्रसंग घातला : मुलगी पळून गेली आहे, शायलॉक घरी परततो, दार ठोठावतो, आणि पडदा पडतो. नाटकातले शब्द तेच. सहानुभूती मात्र एका खुर्चीवरून उठून दुसऱ्या खुर्चीवर जाऊन बसली. त्याच सुमारास इंग्लंडात ज्यूंना नागरिकत्वाचे हक्क एकेक करून मिळत होते. लायोनेल रॉथशिल्ड १८५८ साली पार्लमेंटात बसले. यांतले कारण कोणते आणि कार्य कोणते, हे ठरविण्याच्या भानगडीत मी पडत नाही.

ही वाट उलटीही चालता येते. १९४३ साली नाझी अमलाखालच्या व्हिएन्नात, बुर्गथिएटरमध्ये, वेर्नर क्राउस या नामांकित नटाने शायलॉक पुन्हा किळसवाणा आणि हास्यास्पद करून उभा केला. शहरातले बहुतेक ज्यू तोवर परागंदा झाले होते किंवा पकडून नेले गेले होते; जे थोडे उरले, त्यांना थिएटरचे दार बंद होते.