प्रांतपालाचे एक वर्ष

सत्तरीच्या माणसाला राज्याची सीमा म्हणजे काय, हे म्हादईने शिकविले. खानापूर तालुक्यात उगम पावून आपल्याकडे येणाऱ्या या नदीच्या पाण्यासाठी गोवा, कर्नाटक व महाराष्ट्र २०१० साली नेमलेल्या लवादापुढे उभे राहिले. याच तीन राज्यांतील मुलूख रोटरीच्या ३१७० क्रमांकाच्या प्रांतात मात्र एकत्र आला. अशा प्रांताचा कारभार कसा चालतो, हा माझा आजचा विषय आहे.

१९०५ साली पॉल हॅरिस यांनी शिकागोत पहिला रोटरी क्लब स्थापिला. १९१९ साली ही चळवळ कलकत्त्यात पोहोचली. क्लब वाढले, तेव्हा १९१५ पासून प्रांत व प्रांतपाल अशी व्यवस्था रूढ झाली.

‘गव्हर्नर’ हा शब्द गोमंतकीयांना अपरिचित नव्हता. १९६१ पर्यंत तो लिस्बनहून नेमला जाई आणि लिस्बनलाच उत्तरदायी असे. रोटरीचा गव्हर्नर, म्हणजे प्रांतपाल, क्लबांमधूनच निवडला जातो. सुमारे दोन वर्षे आधी त्याचे नाव ठरते. निवड समितीने सुचविलेल्या नावाला क्लब आव्हान देऊ शकतात. पदासाठी प्रचार करण्यास मनाई आहे. १ जुलै ते ३० जून एवढीच त्याची कारकीर्द. त्या अवधीत त्याने क्लबांना भेटी द्याव्यात, मार्गदर्शन करावे. परंतु क्लबचा अध्यक्ष क्लबच निवडतो आणि आपले सेवाकार्यही तोच ठरवितो. माजी प्रांतपाल सल्ला देतात, पण तो बंधनकारक नसतो. प्रांताच्या जमाखर्चाचा हिशेब क्लबांपुढे ठेवावा लागतो.

एका वर्षात काय साधणार, अशी शंका रास्त आहे. पदाचा सोहळाच मोठा होण्याचा धोकाही आहे. तथापि, १९८५ साली रोटरीने हाती घेतलेले पोलिओनिर्मूलनाचे कार्य एका प्रांतपालाकडून दुसऱ्याकडे जात राहिले. शासन, आरोग्यसेवक व अन्य संस्थांच्या सहभागाने भारत २०१४ साली पोलिओमुक्त घोषित झाला. माणसे बदलली, काम टिकले.

म्हादईचा तंटा अशा प्रांताने मिटला नाही. तसा त्याचा दावाही नाही. परंतु आपल्या देवस्थानांत, वाचनालयांत, शिक्षणसंस्थांत खुर्ची पिढ्यान्पिढ्या एकाच घराकडे राहते, तेव्हा हिशेब विचारणाराच परका ठरतो. विद्यार्थिमित्रहो, उद्या या संस्था तुमच्या हाती येतील. पद स्वीकारताना ते सोडण्याचा दिवसही ठरवून घ्या, आणि तुमच्यामागून येणाऱ्याला आजपासूनच शेजारी बसवा.