दलालाची परीक्षा : मौजा, खसरा आणि रेराचा अभ्यासक्रम

१/
नागपुरातील भूखंडाचे खरेदीखत पुण्याच्या वाचकासमोर ठेवले, तर पहिल्याच परिच्छेदात तो अडखळतो. गट क्रमांकाच्या जागी ‘खसरा क्रमांक’, गावाच्या नावाआधी ‘मौजा’, पुढे ‘प.ह.नं.’ म्हणजे पटवारी हलका नंबर. शहरातील मिळकत असेल तर मिळकत पत्रिकेऐवजी ‘आखीव पत्रिका’. या शब्दांचा उलगडा करून सांगणारा माणूस म्हणजे जागेचा दलाल. महाराष्ट्रात २०२३ पासून याच माणसाला परीक्षा द्यावी लागते. त्या परीक्षेमागचा इतिहास या धाग्यात पाहू.

२/
‘दलाल’ हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. मूळ अर्थ वाट दाखवणारा. पुढे त्याला संशयाची छटा चिकटली. जमीन विकणाऱ्याला तिचे सारे गुणदोष ठाऊक असतात. घेणाऱ्याला फक्त किंमत कळते. दलाल या दोघांच्या मधोमध उभा असतो आणि त्याची कमाई व्यवहार पार पडण्यावर अवलंबून असते. वाट दाखवणाऱ्याचे हित वाटसरूच्या हिताशी जुळेलच असे नाही. परवाना, परीक्षा, दंड या साऱ्या गोष्टी या एका पेचातून जन्मल्या.

३/
नागपुरात हा पेच अधिक गुंतागुंतीचा होता. १८५४ मध्ये भोसल्यांचे राज्य खालसा झाले आणि १८६१ मध्ये मध्य प्रांत अस्तित्वात आला. १८६० च्या दशकातील जमाबंदीत ब्रिटिशांनी मालगुजारांना, म्हणजे गावचा सारा गोळा करणाऱ्यांना, गावाचा मालकी हक्क बहाल केला. वसुली करणारा मालक झाला. मुंबई इलाख्यात रयतवारी होती आणि शेतकऱ्याचे नाव थेट सरकारदफ्तरी असे. नागपूरच्या कागदांत मात्र मालगुजार, मालिक मकबुजा, कूळ असे हक्कांचे थर साचत गेले.

४/
मध्य प्रदेश शासनाच्या १९५० च्या कायद्याने मालगुजारी संपली. १९५४ च्या जमीन महसूल संहितेने ‘भूमिस्वामी’ आणि ‘भूमिधारी’ असे दोन वर्ग केले. १९५६ मध्ये विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात गेला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने भूमिस्वामीला ‘भोगवटादार वर्ग १’ आणि भूमिधारीला ‘भोगवटादार वर्ग २’ केले. वर्ग २ ची जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीविना विकता येत नाही. शंभर वर्षांत एकाच शेताच्या हक्काला तीन-तीन नावे मिळाली, आणि ती वाचता येणे हेच जाणत्या दलालाचे भांडवल ठरले.

५/
दुसरा धागा शहराच्या वाढीचा. नागपूर सुधार प्रन्यासचा कायदा १९३६ चा. रस्ते आखणे, वस्त्या वसवणे, भूखंड पाडणे हे प्रन्यासचे काम. शहर मात्र आराखड्यापेक्षा वेगाने पसरले. शेतमालकाने शेतात चुना टाकून रेघा आखायच्या, कागदावर ‘लेआउट’ काढायचा आणि अकृषक परवानगीआधीच भूखंड विकायचे, ही रीत रूढ झाली. घेणाऱ्याच्या हाती नोंदणी झालेले खरेदीखत असे. त्याच्या दारी रस्ता, गटार आणि नळ मात्र नसे.

६/
इथे एक गैरसमज दूर करायला हवा. १९०८ च्या नोंदणी कायद्याखाली दस्त नोंदवला गेला, म्हणजे सरकारने मालकीची हमी दिली असे होत नाही. दुय्यम निबंधक दस्ताची नोंद घेतो. लेआउट मंजूर आहे की नाही याचा निवाडा तो देत नाही. ‘रजिस्ट्री झाली, काळजी मिटली’ या समजुतीवर असंख्य कुटुंबांनी आयुष्याची पुंजी लावली.

७/
अखेर २००१ मध्ये महाराष्ट्राने गुंठेवारी नियमितीकरणाचा कायदा केला. नागपुरात ‘५७२’ आणि ‘१९००’ हे आकडे आजही अनधिकृत लेआउटांची नावे म्हणूनच बोलले जातात. प्रन्यासने भूखंड नियमित करून दिलेले पत्र म्हणजे ‘आरएल’. नागपूरच्या जाहिरातीत ‘आरएल प्लॉट’ ही दोन अक्षरे दिसली, की भाव का चढतो याचे उत्तर या इतिहासात आहे.

८/
या साऱ्या काळात दलालावर कायद्याचे बंधन काय होते? १८७२ च्या करार कायद्यातील अभिकर्त्याची सर्वसाधारण कर्तव्ये: हिशेब द्यावा, मालकाच्या संमतीविना स्वतःच्या लाभाचा व्यवहार करू नये. १९६३ चा महाराष्ट्राचा सदनिका मालकी कायदा बांधकाम करणाऱ्याला बांधून ठेवत होता. मध्यस्थ त्याच्या कक्षेबाहेर होता. जगात इतरत्र हा विचार बराच आधी झाला होता. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्याने १९१७ मध्येच जागेच्या दलालांसाठी परवाना कायदा केला. तो न्यायालयात टिकला नाही, म्हणून १९१९ मध्ये नवा आणला.

९/
महाराष्ट्राने २०१२ मध्ये स्वतःचा गृहनिर्माण नियमन कायदा केला. पुढे संसदेने २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजेच ‘रेरा’, संमत केला आणि त्याच्या कलम ९२ ने राज्याचा तो कायदा रद्द झाला. रेराच्या कलम ९ ने एजंटाला नोंदणी सक्तीची केली. कलम १० ने नोंदणी नसलेल्या प्रकल्पातील विक्रीला हातभार लावण्यास आणि खोटी माहिती देण्यास मनाई केली. कलम ६२ नुसार उल्लंघनाला दिवसाला १० हजार रुपये दंड होऊ शकतो. कमाल मर्यादा मिळकतीच्या किमतीच्या ५ टक्के.

१०/
मात्र नोंदणीसाठी ज्ञानाची अट नव्हती. अर्ज आणि शुल्क भरले की क्रमांक मिळे. १० जानेवारी २०२३ च्या आदेशाने महारेराने ही उणीव भरली: २० तासांचे प्रशिक्षण, मग परीक्षा, मग सक्षमता प्रमाणपत्र. पहिली परीक्षा २० मे २०२३ रोजी झाली. विकासकाच्या कार्यालयात ग्राहकांशी बोलणाऱ्या विक्री कर्मचाऱ्यांनाही हीच अट लागू झाली. मुदत वाढत १ जानेवारी २०२४ पर्यंत गेली आणि २०२४ मध्ये प्रमाणपत्र नसलेल्या सुमारे २० हजार एजंटांची नोंदणी स्थगित झाली.

११/
या परीक्षेची तयारी म्हणजे नेमके काय? चटई क्षेत्राची कायदेशीर व्याख्या. विक्री करार नोंदवण्याआधी किमतीच्या १० टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही हा कलम १३ चा नियम. ग्राहकांकडून आलेल्या रकमेपैकी ७० टक्के स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे विकासकावरील बंधन. प्रकल्पाची माहिती संकेतस्थळावर तपासण्याची पद्धत. वर्षानुवर्षे ओळखीच्या बळावर धंदा केलेल्या, शाळा अर्धवट सुटलेल्या दलालासाठी हे सोपे नव्हते. ज्याला प.ह.नं. तोंडपाठ, त्याला संगणकावर पर्याय निवडायचे होते.

१२/
आणि तरीही एक फट उरते. रेराची नोंदणी ५०० चौरस मीटरपर्यंतच्या जमिनीवरील किंवा ८ पर्यंत सदनिकांच्या प्रकल्पाला लागत नाही. एजंटाची सक्तीही नोंदणीकृत प्रकल्पांतील विक्रीपुरतीच आहे. जुन्या लेआउटमधील भूखंड एका मालकाकडून दुसऱ्याकडे जातो, तेव्हा मधल्या माणसाकडे प्रमाणपत्र असलेच पाहिजे असे नाही. नागपूरच्या ग्राहकाची फसगत मात्र नेमकी याच जमिनीवर होत आली.

१३/
म्हणजे परीक्षा निरुपयोगी का? नव्हे. ‘मला माहीत नव्हते’ ही सबब तिने काढून घेतली, हे तिचे मोठे काम. मात्र तिचा अभ्यासक्रम २०१६ च्या कायद्याभोवती फिरतो आणि नागपूरची जमीन १८६० च्या दशकापासून बोलते आहे. खरेदीदाराने दलालाचे प्रमाणपत्र जरूर पाहावे. सोबत भोगवटादार वर्ग, अकृषक आदेश, मंजूर नकाशा आणि आरएल पत्र हे चार कागदही मागावेत. ते मागितल्यावर दलाल कागद काढतो की विषय बदलतो, यावरून बरेच काही कळते.

(धागा समाप्त)