जनावराचे दुःख आणि आपले अन्न : प्रस्तावना

मांस खावे की न खावे, हा वाद आपल्याकडे बहुतेकदा माणसांविषयीच होतो. कोण कोणाच्या पंक्तीला बसतो, कोणाला भाड्याने घर नाकारले जाते, कोणाच्या घरातला कसला वास शेजाऱ्यांना खटकतो. या सगळ्यात जनावर कुठेच नसते. आहारनीतीच्या अभ्यासाकडे वळणाऱ्या वाचकाला म्हणूनच पहिली विनंती अशी, की सोवळ्या-ओवळ्याचा विचार बाजूला ठेवून जनावराच्या वेदनेचा विचार आधी करावा.

आधुनिक पाश्चात्त्य विचारात हा धागा तत्त्वज्ञ जेरेमी बेंथॅमने 1789 मध्ये पुढे आणला. जनावराला बुद्धी आहे की नाही यापेक्षा त्याला यातना होतात की नाही, हे त्याने महत्त्वाचे मानले. 1964 मध्ये रूथ हॅरिसन यांनी ब्रिटनमधल्या बंदिस्त पशुपालनाचे अंतरंग लोकांपुढे मांडले आणि 1975 मध्ये तत्त्वज्ञ पीटर सिंगर यांचे ‘अ‍ॅनिमल लिबरेशन’ आले. सारख्या वेदनेला सारखे वजन द्या, मग ती कोणत्याही जातीच्या प्राण्याची असो, हे सिंगर यांचे म्हणणे. टॉम रीगन यांना मात्र सुखदुःखाचा असा हिशेबच मान्य नव्हता. जनावराला स्वतःचे आयुष्य आहे, त्यामुळे त्याचे हक्क आहेत, असे त्यांनी 1983 मध्ये मांडले. या दोघांतला मतभेद नीट समजून घेतला, तर पुढचे बरेचसे वाङ्मय सोपे जाते.

शाकाहारी वाचकाची खरी कसोटी लागते ती दुधापाशी. इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांचे सहकारी 1944 साली शाकाहारी मंडळींपासून वेगळे झाले, ते दूध आणि अंड्यांच्याच प्रश्नावर. त्याच्या कितीतरी आधी गांधीजींनी दूध न पिण्याचे व्रत घेतले होते. 1918 च्या गंभीर आजारपणात कस्तुरबांनी सुचवल्यावरून ते शेळीचे दूध प्याले. व्रत घेताना मनात गाय आणि म्हैस होती, असा तो युक्तिवाद होता. आपण व्रताचा शब्द राखला, आशय राखला नाही, हे त्यांनी आत्मकथेत उघड लिहिले आहे.

आपल्या गोठ्यात काय होते तेही पाहावे. म्हैस व्याली आणि नर झाला, की त्या रेडकाला पान्हा फुटण्यापुरते कासेला लावतात आणि लगेच ओढून बाजूला बांधतात. त्याच्या वाट्याला दूध बेताचेच येते. अशी कितीतरी रेडके उपासमारीने जातात. म्हैस भाकड झाली, की तिच्या वैरणीचा खर्च लहान शेतकऱ्याला झेपत नाही आणि तिला बाजार दाखवावा लागतो. महाराष्ट्रात 2015 पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्याही कत्तलीला बंदी आहे, पण म्हशीला ती संपूर्ण बंदी लागू नाही, त्यामुळे भाकड म्हैस कत्तलखान्यात जाऊ शकते. दूध आणि मांस हे दोन वेगळे धंदे आहेत, हा समज म्हणूनच टिकत नाही. दुधाला निष्पाप मानणाऱ्या शाकाहाराला नैतिक श्रेष्ठत्वाचा दावा करता येत नाही, असे माझे स्पष्ट मत आहे.

तरीही वीगन होण्याचा, म्हणजे दूध-अंड्यांसह सगळे प्राणिज अन्न सोडण्याचा, उपदेश सर्वांना सरसकट करणे मला मान्य नाही. माळरानावर हिंडून वाढलेले धनगराचे मेंढरू आणि शेडमध्ये जेमतेम सहा आठवड्यांत वाढवून कापलेली ब्रॉयलर कोंबडी, यांच्या जगण्यात फार अंतर आहे. शिवाय मांसाला इथे जातीचा इतिहास आहे. गोमांस आणि अस्पृश्यता यांचा संबंध डॉ. आंबेडकरांनी 1948 च्या ‘द अनटचेबल्स’ मध्ये उलगडला. शाहू पाटोळे यांचे ‘अन्न हे अपूर्णब्रह्म’ हे पुस्तक मराठवाड्यातल्या महार-मांग घरांतल्या स्वयंपाकाची नोंद करते. त्यातल्या चान्या, म्हणजे उन्हात वाळवलेले मांस, हे टंचाईच्या दिवसांसाठी राखलेले अन्न होते. ज्यांच्या खाण्यावरून पिढ्यान्‌पिढ्या त्यांचा अपमान झाला, त्यांना करुणेचे धडे देण्याआधी त्यांचे म्हणणे ऐकून घेणे हे अभ्यासकाचे कर्तव्य आहे.

नव्या वाचकाने सुरुवात सिंगर यांच्यापासून करावी, त्यांच्याशी मनसोक्त वाद घालावा, पण पाटोळे वाचल्याशिवाय आपले मत पक्के करू नये.