खूण पटली का?

पेन्शनच्या कागदांवर ‘शरीरावरील ओळखखुणा’ असा एक रकाना असे. परमेश्वराने एकच खूण दिलेली असली तर दुसरी कुणाकडून उसनी आणायची, याचा खुलासा मात्र फॉर्मात नसे. आम्ही कारकून मंडळी पेनचं टोपण चावत विचारायचो, “काका, तीळबीळ आहे का कुठे?” काका शर्टाची बटणं काढू लागले, की घाईघाईने “राहू द्या, विश्वास आहे” म्हणून शिक्का हाणायचो.

हसू नका. माणसाची ओळख पटवण्याच्या भानगडीत आमच्या या घाटाखालच्या मुलखाने लढाई पाहिली आहे. १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर सदाशिवरावभाऊ पडले, पण ते कित्येकांच्या गळी उतरेना. पत्नी पार्वतीबाईंनी तर वैधव्य स्वीकारलंच नाही. १७८३ मध्ये त्या गेल्या त्या कुंकवासकट. मग सुखलाल नावाचा एक कनोजा ब्राह्मण ‘मीच भाऊ’ म्हणत प्रकटला. चौकशी झाली, कैद झाली. पण १७७६ मध्ये रत्नागिरीला रामचंद्र नाईक परांजप्यांनी त्याला बाहेर काढलं आणि बघता बघता अर्धं कोकण त्याच्यामागे गेलं. स्वारी बोरघाट चढून थेट राजमाचीवर! म्हणजे आम्हा कर्जत-खोपोलीकरांच्या अगदी डोक्यावर. महादजी शिंदे आणि भिवराव पानशांनी त्याला खाली पिटाळला, राघोजी आंग्र्यांनी धरला आणि डिसेंबर १७७६ मध्ये पुण्यात त्याला देहान्त शासन झालं. नमुन्याच्या सहीचं कार्ड असतं तर प्रकरण काउंटरवरच मिटलं असतं.

पुढे बंगालात भवालच्या संन्याशाने ‘मीच मेलेला राजकुमार’ म्हणून १९३० मध्ये दावा लावला. कोर्टात त्याच्या अंगावरच्या खुणांचा कीस पडला. १९४६ मध्ये थेट लंडनहून निकाल आला: माणूस खरा!

आता हीच खूण पुसता येते. आमचं लेजर खुणा जपतं, डॉक्टरांचं लेसर पुसतं. एका अक्षराचा फरक. डॉक्टरांनीही खुणांची खाती पाडली आहेत. तान्ह्याच्या पाठीखालचा निळसर डाग बहुधा शाळेत जाईपर्यंत आपणच खातं बंद करतो. लाल, फुगीर गाठ पहिल्या वर्षात वाढते आणि मग ओसरते. मात्र द्राक्षासवासारखा लालजांभळा डाग मुदत ठेवीसारखा वयाबरोबर वाढतो, गडद आणि जाड होतो. १९६० मध्ये लेसर जन्मला. १९८३ मध्ये अँडरसन आणि पॅरिश यांनी युक्ती मांडली: रक्ताचा रंग शोषील असाच प्रकाश क्षणभर सोडायचा, वाहिनी मिटते, शेजारची कातडी वाचते. बैठका बऱ्याच लागतात, आणि डाग फिका झाला तरी पुरता जाईलच अशी हमी नाही.

आमच्या एका सहकाऱ्याच्या मुलीच्या गालावर असा डाग आहे. पाहुणे कांदेपोहे संपवून हळूच विचारतात, “ग्रहणात विळी हाती धरली होती का हो?” तिच्या आईने हा आरोप वीस-बावीस वर्षं निमूट सोसला. २०१३ मध्ये संशोधकांना या डागाचं कारण सापडलं: गर्भ वाढताना एखाद्या पेशीतल्या जनुकात आपसूक झालेला बदल. तो आईबापांकडून येत नाही आणि विळीचा तर संबंधच नाही. मी हे सांगितलं तेव्हा लेसरचा खर्च विचारण्याआधी मुलगी म्हणाली, “काका, डागाचं मी बघते. तुम्ही आधी हे आईला सांगा, आणि आजीसमोर सांगा.”

रविवारी त्यांच्याकडे जाऊन आलो. आजींना जनुक काही पटलं नाही. पण त्या सुनेकडे बघत म्हणाल्या, “विळी नव्हतीच गं तेव्हा तुझ्या हातात. मीच चिरत होते भाजी.”