भाटघर आणि निविदेचे अंतर : रुपया निविदा ते ई-निविदा

भोर तालुक्यातील भाटघर येथे वेळवंडी नदीवरील लॉईड धरण 1928 मध्ये पूर्ण झाले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बांधलेल्या जुन्या धरणाची जागा त्याने घेतली आणि नीरेच्या कालव्यांना अधिक पाणी मिळाले. हा इतिहास परिचित आहे. धरण उभे राहत असताना सरकारी खरेदीविषयी देशात चाललेला वाद मात्र दुर्लक्षित राहिला. वस्तुतः आजच्या ई-निविदेचे मूल्यमापन करताना तोच अधिक उपयुक्त ठरतो.

त्या काळी सरकारी खात्यांना लागणाऱ्या यंत्रसामग्रीची मोठी खरेदी लंडनमार्फत होई. निविदा तेथे निघत, दर पौंडात मागविले जात. भारतीय कारखानदाराला स्पर्धेत उतरणेच अवघड होते. 1916-18 च्या औद्योगिक आयोगाने या पद्धतीत बदल सुचविला. 1922 मध्ये भारतीय भांडार खाते स्थापन झाले आणि 1931 पासून ‘रुपया निविदा’ हे धोरण अमलात आले. निविदा भारतात, दर रुपयांत, माल ताब्यात घेणेही भारतात. निविदेचे केवळ ठिकाण बदलले आणि स्पर्धकच बदलले.

स्वातंत्र्योत्तर काळात राज्यातील पाटबंधारे कामांची मोहोरबंद निविदा विभागीय कार्यालयातील पेटीत पडू लागली. येथेही अंतर होतेच. कोरा निविदा अर्ज कार्यालयातून विकत घ्यावा लागे. तो कोणी नेला हे कार्यालयास ठाऊक असे, आणि कार्यालयास ठाऊक असलेली गोष्ट प्रतिस्पर्ध्यांपर्यंत पोहोचण्यास वेळ लागत नसे. संगनमताला याहून सोयीची व्यवस्था क्वचितच सापडेल.

ई-निविदेने नेमकी हीच जागा मोडली. अर्ज संगणकावर उतरवून घेता येतो, दर सांकेतिक स्वरूपात राहतो व नियत वेळेपूर्वी अधिकाऱ्यासही वाचता येत नाही. आंध्र प्रदेशात 2003 मध्ये हा प्रयोग सुरू झाला. महाराष्ट्रात 1 डिसेंबर 2016 च्या शासन निर्णयाने 3 लाख रुपयांपासूनच्या खरेदीसाठी ई-निविदेचा दंडक घातला. ही मर्यादा त्या वेळची होय. केंद्रात 1951 पासूनचे पुरवठा व विल्हेवाट महासंचालनालय 2017 मध्ये बंद झाले; त्याआधीच, 2016 मध्ये, ‘जेम’ ही शासकीय ई-बाजारपेठ सुरू झाली होती.

यामुळे शासनाचा पैसा वाचतो, असे सरसकट म्हटले जाते. ते तपासून घ्यावयास हवे. लुईस-फॉपेल, नेगर्स, ओल्केन व पांडे यांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भारतातील ग्रामीण रस्ते व इंडोनेशियातील सार्वजनिक कामे तपासली. दर कमी झाल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. मात्र भारतात रस्त्यांचा दर्जा सुधारला, इंडोनेशियात विलंब घटला, आणि काम मिळविणारे कंत्राटदार परक्षेत्रातील असण्याचे प्रमाण वाढले.

शेवटचा निष्कर्ष भोरसारख्या तालुक्यासाठी महत्त्वाचा आहे. रुपया निविदेने निविदा जवळच्या पुरवठादाराकडे आणली; ई-निविदेने ती सर्वांना सारखीच जवळ केली, म्हणजेच जवळ असण्याचा लाभ संपविला. खाण, मजूर आणि रस्ते ठाऊक असणे ही स्थानिक कंत्राटदाराची जमेची बाजू दर स्वस्त ठेवण्यास आजही उपयोगी पडते. परंतु तत्पूर्वी डिजिटल स्वाक्षरीचे प्रमाणपत्र, ऑनलाइन बयाणा रक्कम आणि वाचता येतील अशी स्कॅन केलेली कागदपत्रे लागतात. तांत्रिक लिफाफ्यात तो अपात्र ठरला, तर त्याचा आर्थिक लिफाफा उघडलाच जात नाही, मग त्यातील दर कितीही कमी असो.