वस्तादाची कुस्ती

श्रोतेहो, जत्रेतल्या दंगलीत कुस्ती निकाली झाली की काय होते, ते आपण पाहिलेच आहे. हलगी कडाडते, लोक मल्लाला खांद्यावर घेतात, फेटा बांधतात. त्या गर्दीच्या मागे एक वयस्क माणूस गप्प उभा असतो. तो वस्ताद. आज बोलायचे ते त्याच्याविषयी.

कुस्ती आपल्या खानदेशाला नवी नाही. महाराष्ट्र केसरीची पहिली स्पर्धा १९६१ साली औरंगाबादला झाली आणि दुसऱ्याच वर्षी ती आपल्या धुळ्यात भरली. तिथे भगवान मोरे केसरी झाले. पुढे १९६९ साली लातूरच्या स्पर्धेत हा मान मिळवला हरिश्चंद्र बिराजदार यांनी. निलंगा तालुक्यातल्या रामलिंग मुदगड गावचा हा शेतकऱ्याच्या मातीतला गडी, कोल्हापूरच्या तालमीत तयार झालेला. लगेच पुढच्या वर्षी, १९७० साली, एडिंबरोच्या राष्ट्रकुल स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले. १९७७ साली बेळगावला त्यांनी दिल्लीच्या सतपालला हरवले. जुनी माणसे त्या कुस्तीची गोष्ट अजून सांगतात.

पण मंडळी, पैलवानाची ताकद ही उसनी असते. वय झाले की परत द्यावी लागते. मग पुढे काय? कोणी नोकरी धरतो, कोणी जुन्या गदेकडे पाहत बसतो. बिराजदारांनी पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत पोरे घडवायला घेतली.

हे काम सोपे नव्हे. आपली जुनी कुस्ती मातीतली. ताक, तेल, हळद घालून मळलेली माती, आणि पाठ टेकली की कुस्ती संपली. जगातली कुस्ती मात्र गादीवरची. तिथे घड्याळ चालते, गुण मोजतात, एका झटक्यात डाव फिरतो. मातीत वाढलेले पोर गादीवर गेले की बावरते. बिराजदार स्वतः मातीतून गादीवर गेलेले, तेव्हा पोराचे पाऊल कुठे अडखळते हे त्यांना अंगानेच ठाऊक. अर्जुन पुरस्काराचे मानकरी काका पवार हे त्यांचेच शिष्य, आणि बीड जिल्ह्यातला राहुल आवारेही.

गंमत बघा, बेळगावला हरलेले सतपालही पुढे वस्तादच झाले. सुशील कुमार त्यांच्याच हाताखाली तयार झाला. २०१२ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये त्याने रौप्यपदक मिळवले. म्हणजे त्या दिवशी एक जिंकला, एक हरला. पण विद्या दोघांनीही पुढे दिली.

२०११ साली बिराजदार गेले. राहुलचे मोठे यश त्यांना पाहायला मिळाले नाही. पण तालीम थांबली नाही. काका पवारांनी राहुलची तयारी पुढे चालू ठेवली, आणि २०१८ साली ऑस्ट्रेलियातल्या गोल्ड कोस्टला राष्ट्रकुल स्पर्धेत त्याने सुवर्ण जिंकले. एडिंबरोनंतर अठ्ठेचाळीस वर्षांनी त्याच स्पर्धेतले तेच पदक, गुरूकडून शिष्याकडे आलेले! राहुलने ते आपल्या दिवंगत वस्तादांना अर्पण केले.

आपल्या चाळीसगाव तालुक्यातल्या सायगाव बगळीच्या विजय चौधरींनी २०१४, २०१५ आणि २०१६ अशी ओळीने तीन वर्षे महाराष्ट्र केसरीची गदा आणली. खानदेशात गडी आहेत, हे त्यांनी दाखवून दिले. आता प्रश्न वस्तादांचा आहे. गावागावांतल्या तालमींची कौले उतरली, माती वाळून खडक झाली. इमारत परत बांधता येईल हो, पण पहाटे चारला उठून पोरांना जोर-बैठका काढायला लावणारा माणूस कुठून आणायचा?

शिक्षक बंधूंना हे वेगळे सांगायला नको. आपण शिकवलेले कुठे उगवले हे पुष्कळदा आपल्याला दिसत नाही. म्हणून पेरायचे कोणी थांबवतो काय? गावात एखादा जुना पैलवान असेल, तर आज संध्याकाळी त्याच्या ओट्यावर जाऊन बसा आणि चार पोरे सोबत घेऊन जा.